दाखला घेऊन जा म्हणण्याआधी हे वाचा : नाशिकच्या ज्युनियर कॉलेजांना आणि क्लासवाल्यांना खुलं पत्र

नाशिकमधल्या ज्युनियर कॉलेजांचे प्राचार्य सर, मॅडम, संस्थेची मंडळी आणि नीट-जेईईचे क्लास चालवणारे सगळे सर लोक,

नमस्कार.

पोरगं स्वतःला इजा करून घेतं नाहीतर वर्गात राडा घालतं, की तुमच्याकडून फोन येतो, आम्ही हाफ डे टाकून धावत येतो, आणि चहा यायच्या आत गाडी दाखल्यावर येते. "इथलं वातावरण त्याला सूट होत नाहीये." "दुसरीकडे बघा, त्याच्याच भल्यासाठी सांगतोय." हे बंद करा. मागणं एवढंच आहे, बाकी जे खाली लिहिलंय ते का बंद करा याबद्दल आहे, आणि ते जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

माझा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. त्याचं नाव लिहीत नाही, कॉलेजचंही नाही. त्याला आवडणार नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे हे दुखणं एका कॉलेजचं नाहीच. सिडको, पंचवटी, जेल रोड, कुठकुठल्या आया मला डॉक्टरांकडे वेटिंगला बसलेल्या भेटतात, कॉलेजं वेगळी पण स्टोरी डिट्टो तीच.

त्याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. डॉक्टरांनी हे नाव द्यायची अजिबात घाई केली नाही, कारण टीनएजमध्ये मूड तर सगळ्यांचेच वरखाली होतात, आणि अठराच्या आत हे निदान करायचं तर लक्षणं कमीत कमी एक वर्ष टिकून असायला हवीत असं डीएसएम-५ मध्येच आहे, म्हणजे जगभरचे सायकियाट्रिस्ट जे पुस्तक वापरतात त्यात. तिथे या आजाराच्या नऊ लक्षणांची यादी आहे, त्यातली पाच जुळावी लागतात. टोकाचा राग, सतत बदलणारे मूड, आतून रिकामं वाटणं, मी नक्की कोण आहे याचाच पत्ता नसणं, स्वतःला इजा करणं, आवेगात काहीही करून बसणं, असं सगळं त्यात आहे. पण त्या यादीत एक नंबरला काय आहे माहितीये? आपल्याला सोडून देतील ही भीती, आणि कोणी सोडून जाऊ नये म्हणून केलेली जिवाच्या आकांताची धडपड. खरोखर कोणी सोडत असो नाहीतर नुसतं तसं वाटत असो, धडपड तेवढीच.

आता सांगा, ज्या पोराचा आजारच मुळात ही भीती आहे त्याला तुम्ही बोलावून सांगता की तू जा. वर म्हणता की बघा, आम्ही सांगितल्यावर अजून बिघडला. बिघडणारच ना!

आमच्या वेळी काय झालं ते सांगते. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी, माझे मिस्टर आणि सुपरवायझर मॅडम. मिस्टर अंबडला कंपनीत शिफ्टला असतात, नाइट करून तसेच आलेले, डोळे लाल. टेबलावर एक अर्ज आधीच टाइप करून ठेवलेला, वर आमच्या मुलाचं नाव, रोल नंबर, सगळं बरोबर, आणि खाली "मी माझ्या पाल्याचा दाखला कौटुंबिक कारणास्तव स्वखुशीने काढून घेत आहे". फक्त सहीची जागा रिकामी, तिथे पेन्सिलने बारीक फुली मारलेली, म्हणजे आम्ही शोधत बसायला नको. इतकी तयारी! वर्गात नक्की काय घडलं, आधी काय झालं होतं, तो काय म्हणतोय, यातलं काही विचारायला कोणाकडे वेळ नव्हता, पण अर्ज मात्र चोख होता, एक टायपिंग मिस्टेक नाही. मुलगा तेव्हा बाहेर बाकावर बसलेला, आणि केबिनच्या दाराला काच. त्याला आवाज येत नव्हता पण तो कागद माझ्याकडे सरकवलेला त्याने बघितला. त्या रात्री घरात काय झालं ते मी इथे लिहिणार नाही.

सही आम्ही केली नाही, तो अजून त्याच कॉलेजात आहे. पण म्हणून सगळं छान चाललंय असंही नाही.

तुम्हाला हा आजार वर्गात कसा दिसतो ते मला पक्कं ठाऊक आहे कारण तुमच्या कम्प्लेंट मीच ऐकते. तुम्हाला दिसतो माज. मुलगा आहे म्हणून माज म्हणता, वेटिंग रूममधल्या मैत्रिणीची मुलगी आहे तर तिला नाटकं म्हणतात, आजार सेम. फिजिक्सचे सर दिवाळीपर्यंत त्याच्यासाठी देव होते. सर असं म्हणाले, सर तसं म्हणाले, घरात दुसरा विषय नाही, सरांसारखा पेन पण आणला. मग एकदा सरांनी त्याची शंका "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवली. सरांना बिचाऱ्यांना पोर्शन संपवायचा असेल, त्यात चूक काही नाही. पण याच्या डोक्यात ते वाक्य जाऊन बसलं, त्याचा अर्थ झाला "तुझी मला गरज नाही", आणि दुसऱ्या दिवशीपासून सर जगातले सगळ्यात वाईट माणूस. मधलं काही नाही. एक तर देव नाहीतर दुश्मन. तुमच्या स्टाफरूममध्ये मग काय होतं तेही सांगते, केमिस्ट्रीच्या मॅडम म्हणतात माझ्यासमोर तर गुणी पोरगा आहे, फिजिक्सचे सर म्हणतात तुम्ही त्याला डोक्यावर बसवलाय, आणि तुमच्यातच दोन पार्ट्या पडतात. दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी एकमेकांशी बोला, एवढंच. घरातही हेच होतं, आठवड्यागणिक कधी मी चांगली आणि बाबा वाईट, कधी उलटं, आणि सासूबाई तर कायम चांगल्या कारण त्या गुपचूप पैसे देतात.

आपल्यालाही वाईट वाटतं, राग येतो, अपमान झोंबतो. पण तासाभरात आपण चहा पितो, कोणाला तरी शिव्या घालतो आणि विषय सुटतो. याचा सुटत नाही. लहानशा गोष्टीने लागतं, लागतं ते प्रचंड लागतं, आणि जाग्यावर यायला खूप वेळ लागतो. सकाळी सिंहस्थाच्या कामांपायी खोदून ठेवलेल्या रस्त्यात सिटीलिंकची बस अडकली, पाच मिनिटं उशीर झाला, वॉचमनने गेट लावलं. बाकीची पोरं हसतात, टपरीवर जातात, दुसऱ्या तासाला आत येतात. हा दिवसभर त्याच गेटपाशी असतो मनाने. मुद्दाम बाहेर ठेवलं, मी नकोच आहे कोणाला. संध्याकाळी घरी येऊन दप्तर भिंतीवर फेकतो आणि मला वाटतं भाजीला मीठ कमी पडलं म्हणून चिडला.

नातेवाइकांचं तर विचारूच नका. त्र्यंबकला नारायण नागबळी करून झाली, कोणीतरी दृष्ट काढून गेलं, मामा म्हणाला दोन कानाखाली द्या सुतासारखा सरळ होईल. ते घरचे आहेत, त्यांना सांगून सांगून मी दमले. तुम्ही शिक्षण क्षेत्रातले आहात, तुमच्याकडून वेगळी अपेक्षा आहे.

स्वतःला इजा करण्याबद्दल थोडं स्पष्ट लिहिते कारण सगळ्यात जास्त घबराट त्याचीच होते. बऱ्याचदा ही मुलं मरायचं म्हणून असं करत नाहीत, आतला असह्य ताण क्षणभर तरी खाली यावा म्हणून करतात. पण "मग काय, अटेन्शनसाठी करतो" असं म्हणून सोडून द्यायचीही ही गोष्ट नाही, कारण या आजारात आत्महत्येचा धोका खरंच जास्त असतो आणि प्रत्येक वेळ सिरियसली घ्यावीच लागते. म्हणजे घाबरायचं नाही आणि झटकायचंही नाही. त्याच्या शेजारी शांत बसा, जखम असेल तर आधी ती बघा, आम्हाला फोन करा, आम्ही येईपर्यंत एकटं सोडू नका. बास. असेंब्लीत त्यावर भाषण नको, वर्गात "बघा असं करू नका" म्हणून उदाहरण नको. त्याने बाकीच्या पोरांना नसते विचार सुचतात, तुम्हाला जी लागण होण्याची भीती वाटते ती अशाने वाढते. त्याच्या जवळच्या मित्रांशी मात्र एकेकट्याने बोला, ते आतून हादरलेले असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही.

आणि "पोलीस केस होईल हो" हे वाक्य कृपा करून टाकून द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही. जुनं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही. आई-बापाला घाबरवायला हे वाक्य फार सोपं पडतं, पण ते ऐकलेले आई-बाप पुढच्या वेळी तुमच्यापासून लपवतात, दवाखान्यापासूनही लपवतात.

त्याच २०१७ च्या कायद्याने पेशंटला आपल्या आजाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. तो मुख्यतः डॉक्टर-हॉस्पिटलला बांधतो हे मान्य. पण आम्ही विश्वासाने ऑफिसात दिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, तिथून एका शिक्षकाच्या भाच्याकडे, आणि भाचा आमच्याच मुलाच्या बॅचला! हे आमच्याबाबतीत घडलेलं आहे. वर्गात दुसऱ्या दिवशी त्याला काय म्हणून हाक मारली ते तुम्हीच इमॅजिन करा.

आता कोर्टाचं. मी वकील नाही, एका छोट्या फर्ममध्ये अकाउंट्स बघते, पण वाचता येतं मला. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, विशाखापट्टणमला नीटची तयारी करत असताना जीव गमावलेल्या मुलीच्या वडिलांची केस होती ती. त्यात शाळा, कॉलेज, कोचिंग, हॉस्टेल सगळ्यांना पंधरा सूचना आहेत आणि कायदा होईपर्यंत त्या पाळणं बंधनकारक आहे. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक क्वालिफाइड काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमायचाच. त्याहून लहान असाल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर टायअप करायचं. शिकवणारा आणि न शिकवणारा, दोन्ही स्टाफला वर्षातून निदान दोनदा ट्रेनिंग, त्यात धोक्याची लक्षणं कशी ओळखायची आणि मुलाने स्वतःला इजा केली तर काय करायचं हे आलं. टेली-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर दिसेल अशा ठिकाणी मोठ्या अक्षरात लावायचा, आणि मार्कांवरून बॅच पाडणं, चारचौघांत लाज काढणं, हे करायचं नाही.

शेवटचं वाचून क्लासवाल्या सरांना ठसका लागला असेल. "स्टार बॅच" आणि "रेग्युलर बॅच" असे बोर्ड कॉलेज रोडला काचेवर लागलेत, टेस्टच्या मार्कांची रँकवार यादी दर आठवड्याला पालकांच्या ग्रुपवर पडते. आणि ॲडमिशन एका कॉलेजात, बसायचं क्लासमध्ये, अशी इंटिग्रेटेडची जी सोय आहे त्यात मूल नक्की कोणाचं हेच कळत नाही. काही झालं की कॉलेज म्हणतं तो आमच्याकडे येतच नाही, क्लास म्हणतो आम्ही फक्त शिकवतो. एक शिक्षक कॉम्प्युटरही शिकवतात आणि त्यांच्याच दारावर "समुपदेशन कक्ष" अशी पाटीही आहे, हे मी डोळ्याने बघितलंय. सर भले आहेत हो, पण ते त्यांचं काम नाही, उद्या त्यांनाच त्रास होईल.

"औषध देऊन बरा करा आणि मग पाठवा" असंही एकदा ऐकवलं गेलं. या आजारावर अशी एक गोळीच नाहीये. सोबत डिप्रेशन असेल, झोप नसेल तर त्याची औषधं देतात, पण मूळ इलाज बोलण्याचा आणि शिकण्याचा आहे. मार्शा लिनेहान नावाच्या अमेरिकन सायकॉलॉजिस्ट बाईंनी तयार केलेली डीबीटी म्हणून थेरपी आहे, डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी, आणि टीनएजर्ससाठी तिचा वेगळा प्रकार आहे ज्यात आई-बापालाही सोबत बसून शिकावं लागतं. मी शिकतेय. या बाई स्वतः सतराव्या वर्षी मानसोपचाराच्या हॉस्पिटलात ॲडमिट होत्या, हे त्यांनी २०११ मध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. नाशिकमध्ये मला ही पूर्ण थेरपी मिळाली नाही, आपल्याकडे एवढं मोठं आरोग्य विद्यापीठ आहे, पण सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं बघायला गेलं तर ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. म्हणून आमचं सायकियाट्रिस्टचं इथे आणि थेरपीचं पुण्याच्या मॅडमकडे, ऑनलाइन. कधी प्रत्यक्षही जावं लागतं, त्या दिवशी तो ॲबसेंट लागतो आणि पंच्याहत्तर टक्क्यांची नोटीस येते.

वर्षानुवर्षं चालेल, कधी बरा होणार, असं विचारता ना? अमेरिकेत मॅक्लीन हॉस्पिटलच्या मेरी झानारिनी यांनी या आजाराच्या २९० मोठ्या वयाच्या पेशंटांचा, तेही हॉस्पिटलात ॲडमिट व्हावं लागलेल्या, लांबपर्यंत पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं सलग दोन वर्षं तरी ओसरलेली होती. मला हा आकडा कळला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभ्याने रडले. पण त्याच अभ्यासात दुसरा आकडा आहे, लक्षणंही गेली, माणसंही जोडलेली आणि कामधंदा किंवा शिक्षणही नीट चालू, असे फक्त निम्मे. म्हणजे आजार जातो, पण मधल्या काळात जे सुटतं ते सुटतंच. अकरावीत दाखला हातात दिला की तुम्ही त्या पोराला कुठल्या अर्ध्यात ढकलता याचा विचार करा.

दुसऱ्या मुलांच्या पालकांचाही प्रश्न आहे, ते तुमच्यावर प्रेशर आणतात, मला कल्पना आहे. त्यांचं पूर्ण चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. त्याने बाक ढकलला, कोणाला लागलं, तर जी शिक्षा बाकीच्यांना तीच त्याला द्या, नुकसान आमच्याकडून भरून घ्या, माफी मागायला लावा. आजार आहे म्हणून सूट द्या असं मी मागत नाहीये, थेरपिस्टही तेच सांगतात की भावना मान्य करायची, वागणं नाही. "तुला राग आलाय हे दिसतंय मला, पण बाक फेकायचा नाही" एवढं वाक्य शिक्षकाने शांतपणे म्हटलं तरी निम्मी आग विझते. "एवढ्याशा गोष्टीवर काय चिडतोस" म्हटलं की भडकते. करून बघा, फुकट आहे. बाक फेकल्याची शिक्षा वेगळी आणि आजारी आहे म्हणून हाकलणं वेगळं, ही सरमिसळ तेवढी करू नका.

मला काय हवंय ते अगदी बारीक आहे. ताण चढायला लागला की त्याने तोंडावर गार पाणी मारायचं, थंड पाण्याने शरीर जरा खाली येतं, हे त्याला थेरपीत शिकवलंय आणि घरी ते चालतं, रात्री बेसिनचा आवाज आला की मी समजते. पण वर्गातून उठून जायला परवानगी मागायची तर चाळीस जणांसमोर हात वर करायचा, कारण सांगायचं, आणि सर म्हणणार बस खाली, हे काय गार्डन आहे का. त्यापेक्षा त्याला एक कार्ड द्या, ते टेबलावर ठेवून निघायचं, पाच-दहा मिनिटांत परत यायचं, प्रश्न नाहीत. एक माणूस ठरवून द्या, काउन्सेलर, नाहीतर लायब्ररीतल्या मॅडम पण चालतील, ज्यांच्याकडे तो जाऊन बसू शकेल. आणि जे ठरेल ते एका कागदावर लिहून तुम्ही, आम्ही आणि तो, तिघांनी सह्या करू, त्याची सही महत्त्वाची. आणि हो, दाखल्याची धमकी "जस्ट घाबरवायला" सुद्धा वापरायची नाही. तो ती जस्ट म्हणून ऐकत नाही.

मी हे त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, "फिजिक्सच्या सरांचं काढून टाक ना, ते बरे आहेत आता." ठेवलंय मी, सरांचं नाव नाहीये. मग म्हणाला कार्ड निळं नको, निळं लायब्ररीचं असतं, पोरं विचारतील काय भो कुठं निघाला.

टेली-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. नोटीस बोर्डावर फीच्या तारखांच्या शेजारी लावा, तो कागद सगळे वाचतात.

प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आत एक मीटिंग बोलवा. माझ्यासोबत अजून काही पालक यायला तयार आहेत, कोणी भांडायला येणार नाहीये. वार तुम्ही ठरवा, शनिवार संध्याकाळ तेवढी सोडून, तेव्हा त्याचं सेशन असतं.

आपली,
अकरावीतल्या एका मुलाची आई
इंदिरानगर, नाशिक